हृदयविकारानंतर घरूनच पुनर्वसन: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होते मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर बांबोळीला. माणूस परत येतो तो गुहागरच्या, देवगडच्या, श्रीवर्धनच्या आपल्या वाडीत. आठवड्यातून तीनदा शहरातल्या केंद्रात जाऊन व्यायाम करणं त्याला शक्य नसतं. मुलं चाकरमानी, घरात दोघंच म्हातारी, एसटी दिवसातून दोनदा. अशा घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. दूरस्थ हृदय पुनर्वसन म्हणजे फोनवर व्यायाम शिकवतात, एवढंच ना?

नाही. त्यात चार गोष्टी येतात: मोजूनमापून वाढवत नेलेला व्यायाम, औषधं नीट चालू आहेत की नाही यावर लक्ष, आहार आणि तंबाखू यांबद्दलचा सल्ला, आणि मनाची विचारपूस. साधारण बारा आठवडे फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स आठवड्यातून एक-दोनदा व्हिडिओवर किंवा साध्या फोनवर बोलतात. तुम्ही रोजचे आकडे वहीत लिहून कळवता आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचा व्यायाम ठरतो. यूट्यूबवर बघून केलेल्या व्यायामाला पुनर्वसन म्हणता येत नाही, कारण तुमचे आकडे पाहून "आज थांबा" असं सांगणारं तिथे कुणी नसतं.

२. केंद्रात जाऊन करतात तेवढा फायदा घरी होतो का?

होतो. घरचं आणि केंद्रातलं पुनर्वसन यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने एकत्रित आढावा घेतला आहे. त्यात व्यायामक्षमता, जीवनमान आणि मृत्यू या तिन्ही बाबतींत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. भारतात हार्ट अटॅक आलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर २४ रुग्णालयांत योगावर आधारित पुनर्वसनाचा 'योगा-केअर' अभ्यास झाला. त्यात पुन्हा अटॅक येणं किंवा मृत्यू यांत ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. मात्र रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. म्हणून योगासनं जरूर करा, पण त्यांच्या भरवशावर चालणं आणि गोळ्या सोडू नका.

३. कोणी करावं आणि कोणी करू नये?

हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया किंवा स्थिर असलेलं हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं), या सगळ्यांसाठी पुनर्वसन आहे. वयाची अट नाही.

पुढीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर: बसल्याजागी छातीत दुखणं किंवा दुखणं वाढत जाणं, महाधमनीची झडप खूप अरुंद असून चक्कर किंवा धाप येणं, ठोके आटोक्यात नसणं, बसलेलं असताना वरचं बीपी १८० किंवा खालचं ११० च्या वर, ताप, पायांवर वाढती सूज. यातलं काही तात्पुरतं असेल, उदाहरणार्थ ताप, तर तो उतरून अंगात ताकद आल्यावर आधीच्या आठवड्याच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

४. सुरुवातीलासुद्धा दवाखान्यात जायचं नाही का?

एकदा तरी जावंच लागतं. याबाबतीत सवलत नाही. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि शक्य असेल तर टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा सहा मिनिटं चालण्याची चाचणी समक्ष झालेली हवी. हृदयाची पंपिंग किती टक्के आहे आणि श्रम केल्यावर ईसीजी बदलतो का, हे फोनवर कळत नाही. डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी यांचे सरळ, उजेडात काढलेले फोटो मुलाच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये ठेवा. फोनवर सल्ला देण्याला मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी मान्यता दिली आहे. सरकारी ई-संजीवनी सेवेवरूनही डॉक्टरांशी बोलता येतं, पण बारा आठवड्यांचा व्यायाम आखून देण्याचं काम ती सेवा करत नाही.

५. घरात कोणकोणती यंत्रं घ्यावी लागतील?

दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं यंत्र, वजनकाटा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक वही. मनगटावरच्या बीपी यंत्राचा आकडा हात जरा वरखाली झाला तरी बदलतो, ते घेऊ नका. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं.

मोजण्याची रीत: लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर टेकवलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चहा, तंबाखू किंवा चालणं यांनंतर अर्धा तास मोजू नका.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रत्येकाला लागत नाही. मेंदी, नखपॉलिश किंवा गार पडलेली बोटं असली की तो चुकतो.

६. आमच्या वाडीत रेंजच नाही. सड्यावर गेलं की मिळते. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि यातून एक चूक हमखास होते: माणूस घाटी चढून सड्यावर पोचतो, धापत तिथेच बीपी मोजतो आणि १६० दाखवलं म्हणून घाबरतो. तो आकडा चढणीचा असतो. बीपी, ठोके आणि वजन घरीच, सकाळी मोजून वहीत लिहा. सड्यावर जाणारा नातू, शेजारी किंवा आशाताई वहीच्या पानाचा फोटो पाठवू शकतात. पहिले काही आठवडे रुग्णाने रेंजसाठी चढण चढूच नये.

व्हिडिओ पंधरा दिवसांतून एकदा झाला तरी भागतं. त्यासाठी बाजाराच्या किंवा आरोग्य केंद्राच्या फेरीचा दिवस धरा. मधल्या काळात ज्या घरी लँडलाइन किंवा वायफाय आहे तिथून फोन करा. व्हिडिओच्या वेळी फोन खिडकीत न ठेवता उजेडाकडे पाठ करून ठेवा, आणि स्वतः दोन-अडीच मीटर मागे उभे राहा. डोक्यापासून पावलांपर्यंत दिसलं पाहिजे, कारण आम्हाला चेहऱ्याइतकेच पाय आणि श्वास बघायचे असतात.

७. रोज किती चालायचं?

अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात सपाटीवर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. त्रास नसेल तर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा आणि हळूहळू सलग ३० मिनिटांपर्यंत पोचा. पुढचं लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. आधी वेळ वाढवा, वेग त्यानंतर. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवले की दुसऱ्या दिवशी थकवा येतो आणि लोक आठ दिवस व्यायाम सोडतात.

सुरुवातीची आणि शेवटची पाच ते दहा मिनिटं अगदी सावकाश चाला. शेवटचा भाग लोक गाळतात आणि नेमकं तिथेच बिघडतं. व्यायामाने पायांतल्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, माणूस एकदम थांबला की रक्त पायांत साचतं, बीपी पडतं आणि घेरी येते. त्याच कारणाने चालून आल्याबरोबर कडकडीत पाण्याने आंघोळ करू नका. जेवणानंतर किमान तासभर थांबा.

८. ठोके किती झाले की पुरे समजायचं?

पुस्तकातलं "२२० वजा वय" विसरा. तुम्हाला बहुधा मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, आणि या गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात. नियमित गोळ्या घेत असताना टीएमटी झाली असेल तर हिशेब असा: बसलेले ठोके ६८ आणि टीएमटीतले जास्तीत जास्त १२८, फरक ६०. त्याचे ४० टक्के २४ आणि ६० टक्के ३६. ते ६८ मध्ये मिळवा. म्हणजे ९२ ते १०४ या पट्ट्यात राहायचं. टीएमटी नसेल तर बसलेल्या ठोक्यांपेक्षा २० ते ३० जास्त, त्यापुढे नको.

यापेक्षा सोपं आणि तितकंच भरवशाचं माप बोलण्याचं आहे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. बोर्गच्या ६ ते २० या श्रममापावर ११ ते १३, म्हणजे "हलकं" ते "थोडं जड".

९. आमचं घर खाली आगरात आणि रस्ता वर. पाखाडी कधी चढायची?

कोकणात किती किलोमीटर चाललात यापेक्षा किती चढलात हे हृदयाला जास्त जाणवतं. सपाटीवर अर्धा तास आरामात चालणाऱ्या माणसाला जांभ्याच्या ऐंशी पायऱ्या झेपतीलच असं नाही. चढताना लागणारी शक्ती सपाटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते.

आधी सपाटीवर २०-३० मिनिटं विनात्रास जमली पाहिजेत. मग सोबत माणूस घेऊन दहा पायऱ्या चढा, उभ्याउभ्या थांबा, श्वास स्थिरावला की पुढच्या दहा. पाऊल वर टाकताना श्वास सोडा, दात आवळून श्वास रोखू नका. हातात पिशवी नको, ओझं सोबत्याकडे. वर पोचल्यावर ठोके दहा मिनिटांत जवळपास पूर्वीच्या आकड्यावर आले तर पुढच्या आठवड्यात दहाऐवजी पंधरा पायऱ्यांनी थांबा. नाही आले तर आहे तिथेच आणखी आठवडाभर राहा.

एक गोष्ट घराच्या जागेवर अवलंबून आहे. घर खाली असेल तर चढण आधी येते, तेव्हा अंगात दम असतो. घर वर असेल तर माणूस गप्पा मारत समुद्रापर्यंत उतरतो आणि परतीची चढण दमलेल्या पायांनी, चढत्या उन्हात करतो. वर राहणाऱ्यांनी चालण्यासाठी वरचाच सपाट रस्ता किंवा शाळेचं पटांगण निवडावं. पुळणीवर चालायचं तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत तेवढंच अंतर कितीतरी जास्त दमवतं.

१०. पावसाळ्याचे चार महिने काय करायचं?

पडवी मोजा. दहा मीटरची पडवी असेल तर पंचवीस येरझाऱ्या (जाऊन-येऊन एक) म्हणजे अर्धा किलोमीटर. वळताना सावकाश वळा, नाहीतर चक्कर येते. पडवी नसेल तर जागच्या जागी पावलं उचलणं, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस, आणि उंबऱ्याएवढ्या पायरीवर चढउतर, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, आलटून पालटून. हे झालं की नियम प्रश्न ७ आणि ८ मधलेच.

शेवाळलेल्या जांभ्यावर चालू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असताना पडणं आणि डोकं आपटणं हा पावसाळ्यातला खरा धोका आहे. डोक्याला मार लागला तर जखम दिसत नसली तरी दवाखान्यात जा.

एप्रिल-मेच्या दमटपणात उलटं: सकाळी सातच्या आत किंवा दिवस कलल्यावर. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. अशा दिवशी वेग कमी करा.

११. बायपासनंतर रहाट, कळशी, खवणी कधी?

छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि ते सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलू, ओढू, ढकलू नका. भरलेली कळशी दहा किलोंच्या पुढे जाते आणि रहाट ओढताना सगळा जोर छातीवर येतो, म्हणून दोन्ही तीन महिने बंद. खवणीवर पुढे वाकून नारळ खवणंही त्यातच येतं. उठताना हातांवर जोर देऊ नका, कुशीवर वळून पाय खाली सोडून उठा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. दुचाकी चालवणं किंवा मागे बसणं सर्जनने होकार दिल्यावरच, गावच्या खड्ड्यांचा विचार करून.

छातीत कटकट आवाज येणं, हाड हलल्यासारखं वाटणं, जखमेतून पाणी किंवा पू, ताप: त्याच दिवशी कळवा. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून चालू, प्रश्न ७ प्रमाणे.

१२. आई दिवसभर घरात राबते. तिला वेगळा व्यायाम कशाला?

घरकामात दम लागेपर्यंत सलग वीस मिनिटं हालचाल क्वचितच होते. वाकणं, उचलणं आणि उभं राहणं यांनी अंग दुखतं, पण हृदयाची क्षमता फारशी वाढत नाही. बायकांना पुनर्वसनाला पाठवलं जाण्याचं प्रमाण जगभर पुरुषांपेक्षा कमी आहे. घरातल्यांना आमचं कळकळीचं सांगणं: आईचा अर्धा तास ठरवा आणि त्या वेळी चुलीपाशी दुसरं कुणीतरी उभं राहा.

१३. मासे आणि नारळ बंद करायचे का?

ताजे मासे बंद करू नका. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, कालवण करून किंवा तव्यावर थोड्या तेलात. अडचण सुक्या मासळीची आहे. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा यांत मीठ ठासून भरलेलं असतं. भिजवून पाणी फेकलं तरी सगळं निघत नाही. दिवसभराचं मीठ एक सपाट छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, आणि त्यातच लोणचं, पापड, फणसाचे सांडगे, पेजेतलं मीठ सगळं धरायचं. कोकमाच्या आगळात मीठ असतंच, सोलकढीत वरून घालू नका.

नारळात संपृक्त चरबी जास्त आहे, म्हणून वाटप निम्म्यावर आणा. चव कमी वाटली तर आमसूल, त्रिफळ, लसूण वाढवा. बाजारातलं "लो सोडियम" मीठ स्वतःहून आणू नका, त्यात पोटॅशियम असतं (कारण प्रश्न १४ मध्ये).

रक्त पातळ करायला ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन असेल तर पालेभाजीचं प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. पहिल्या पावसात टाकळा, शेवग्याचा पाला रोज आणि नंतर अजिबात नाही, असं केलं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो.

१४. हार्ट फेल्युअर आहे. पाणी किती, शहाळं चालेल का?

पाणी डॉक्टर सांगतील तेवढं, बहुधा दिवसाला दीड ते दोन लिटर, चहा, पेज, आमटी धरून. सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी, तशाच कपड्यांत वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय. त्या दिवशी व्यायाम बंद आणि लगेच फोन. झोपल्यावर धाप लागून उठून बसावं लागणं हीसुद्धा तीच खूण.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या पोटॅशियम अंगात रोखून ठेवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते वाढून ठोके बिघडू शकतात. म्हणून रक्ततपासणी बघितल्याशिवाय रोजचं शहाळं नको.

१५. व्यायाम करताना छातीत दुखलं तर नक्की काय करायचं?

थांबा आणि बसा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर एक गोळी जिभेखाली, बसूनच, कारण बीपी पडतं. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा वाढलं तर १०८ ला फोन करा. स्वतः दुचाकीवरून निघू नका. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. जबडा, डावा हात, पाठीत दुखणं, दरदरून घाम, शुद्ध हरपल्यासारखं वाटणं, हेही छातीत दुखण्याइतकंच गंभीर. मधुमेह्यांत आणि बायकांत अनेकदा दुखणं नसतंच, फक्त धाप आणि घाम असतो.

पहिल्याच आठवड्यात एका कागदावर लिहून दारामागे चिकटवा: वाडीचं नाव आणि मोठ्या रस्त्यावरची खूण, गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर, ईसीजी होणारं जवळचं रुग्णालय, चालू गोळ्या. गाडी दारापर्यंत येत नसेल तर खुर्चीत बसवून वर कोण नेणार त्या चौघांची नावंही. रुग्णाला पाखाडी चालत चढवायची नाही.

१६. मधुमेहही आहे. साखर बघून व्यायाम करायचा का?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर हो. १०० च्या खाली असेल तर आधी केळं किंवा दोन-तीन बिस्किटं खा आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नको. खिशात साखर ठेवा. बीटा ब्लॉकरमुळे साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्याकडे लक्ष द्या.

१७. पेसमेकर आहे किंवा ठोके अनियमित आहेत.

नवा पेसमेकर असेल तर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, पण खांदा जखडू नये म्हणून खालच्या खाली हलवत राहा. शॉक देणारं यंत्र असेल तर ते किती ठोक्यांना शॉक देतं तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि व्यायामात त्याच्या किमान १० खाली राहा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके सतत अनियमित पडण्याचा विकार) घड्याळातले ठोके भरवशाचे नसतात, बोलण्याचं माप वापरा (प्रश्न ८).

१८. बाबा सगळं ठीक असूनही गप्प बसतात, रात्री झोपत नाहीत.

अटॅकनंतर हे फार दिसतं आणि त्यामुळे गोळ्या आणि व्यायाम दोन्ही सुटतात. दोन आठवडे उदासी टिकली किंवा कशातच रस उरला नाही तर पुनर्वसनाच्या फोनवर स्पष्ट सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मशेरी आणि तंबाखू सोडताना होणारी चिडचिडही यात मिसळलेली असते. त्यासाठी १८००-११-२३५६ वर मदत मिळते. मशेरी ही दात घासायची वस्तू म्हणून वहीत कुणी लिहीत नाही, पण तोही तंबाखूच आहे.

१९. होडीवर परत कधी? आणि शिमग्याला पालखी खांद्यावर घेता येईल का?

रापण ओढणं, जाळं खेचणं आणि पालखी नाचवणं यांत एक गोष्ट समान आहे: श्वास रोखून लावलेला जोर. त्याने बीपी क्षणात चढतं. चालण्याचा सराव कितीही झाला तरी या जोराची तयारी वेगळी करावी लागते. साधी अँजिओप्लास्टी, पंपिंग चांगली आणि टीएमटी समाधानकारक असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी हलक्या कामापासून सुरुवात करता येते. बायपासनंतर तीन महिन्यांच्या आत नाही. फिजिओथेरपिस्टला कामाचा व्हिडिओ पाठवा. दोर कसा धरता, किती जण ओढता हे बघून तो पाण्याच्या बाटल्या किंवा वाळूच्या पिशव्यांनी सराव आखून देईल.

समुद्रावर एकट्याने जाऊ नका. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर ना रेंज, ना १०८. सुरुवातीला दिवसाच्या दिवसात परतणाऱ्या होडीवर, गोळ्या पाण्यापासून सुरक्षित डबीत आणि त्या कुठे आहेत हे तांडेलाला सांगून.

पालखीचं: पहिल्या वर्षी दर्शन घ्या, सोबत चाला, सपाटीवर काही पावलं खांदाही द्या. नाचवायची नाही, घाटीवर न्यायची नाही. उपाशीपोटी आणि रात्रभराच्या जागरणानंतर तर मुळीच नाही. मानकऱ्यांना आधीच कल्पना दिलीत तर ऐनवेळी आग्रह होत नाही. पुढच्या वर्षीच्या शिमग्याच्या महिनाभर आधी टीएमटी करून घ्या आणि तो रिपोर्ट बघून ठरवा.